मर्फ्याचा तिसरा ठोका

दिगंबर मास्तरांनी काळा कोट घालावा अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. मास्तरांनी कोट घातला. परंतु तो पांढरा होता, त्यावर गळ्याशी काळा बो-टाय होता, आणि तो घालून ते सिकंदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात, नाचणाऱ्या मंडळींसाठी जॅझचे ड्रम वाजवीत बसत. तीन पिढ्या वकिलीत मुरलेल्या त्या घराण्यात या घटनेने जो क्षोभ उसळला, त्याचे वर्णन मास्तर स्वतःच फार हसत करीत.

"अंबाजी, बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आईला सांगायचे, त्या ढोलकीवाल्याला विचारा, वरण हवं का."

मी अंबाजी. जामबागेत एका शाळेच्या भिंतीला लागून माझे चर्मवाद्ये मढवण्याचे लहानसे दुकान आहे. शाळा इतकी निकट असूनही माझे शिक्षण सातव्या इयत्तेपलीकडे जाऊ शकले नाही, कारण वडिलांच्या हातांना कंप सुटला आणि दुकानाला दोन स्थिर हात हवे होते. पुढे जे काही ज्ञान लाभले ते मराठी ग्रंथालयातील पुस्तकांकडून आणि मास्तरांकडून. प्रस्तुत हकीकत मी लिहावी हा आग्रहही त्यांचाच. ते म्हणाले, "चूक तुझी आहे, तेव्हा लिहायचंही तूच."

आमचा परिचय १९६८ सालचा. त्या काळी ड्रमचे परदेशी प्लॅस्टिकचे पडदे आपल्या देशात मिळत नसत. मास्तर आपला फाटका ड्रम काखेत घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "याला कातडं चढवून पाहिजे."

"बोकडाचं की बकरीचं?" मी विचारले.

"जे कुजबुजेल ते."

माझ्या आयुष्यात कोणत्याही गिऱ्हाइकाने असे उत्तर दिले नव्हते. सगळ्यांना घुमणारे कातडे हवे असते. मी बकरीच्या पोटाकडील कातडे घेतले, ते खरवडून कांद्याच्या पातीसारखे पातळ केले, आणि तीन वेळा ते चढवताना फाटले. चौथे टिकले. मास्तरांनी खिशातून तारांचा एक कुंचा काढला आणि त्या पडद्यावर गोल गोल फिरवू लागले. तो नाद मी प्रथमच ऐकत होतो. दहा मिनिटे मी हातातली आरी खाली ठेवली नाही की वापरली नाही. अखेरीस शेजारचा पानवाला उठून आला आणि म्हणाला, "क्या मियाँ, चावलां साफ कर रैं क्या?"

मास्तर इतके हसले की कुंचा त्यांच्या हातून पडला. त्या दिवसापासून ते माझे झाले आणि मी त्यांचा.

मास्तरांच्या आयुष्याचे दोन भाग होते. सायंकाळी हॉटेलातील जॅझ, आणि रविवारी दिवसभर रस्त्यावरील मर्फा. ज्यांना मर्फा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या शहरात निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आणि अरबस्तानातून आलेल्या शिपायांचे वंशज राहतात. लग्नाच्या वरातीपुढे त्यांचा वाद्यमेळ वाजतो, त्याला मर्फा म्हणतात. आणि त्यात गळ्यात अडकवून छडीने वाजवण्याचे जे मुख्य वाद्य, त्यालाही मर्फाच म्हणतात. तो वाजू लागला म्हणजे नवरदेवाच्या आत्याबाईसुद्धा पर्स दुसरीच्या हाती देऊन नाचू लागतात. १९७६ साली मास्तरांच्या आतेभावाने दुबईहून कॅसेट रेकॉर्डर आणला, आणि तेव्हापासून मास्तर वरातींच्या मागे हिंडू लागले. मर्फ्याच्या मेळाचे म्होरके मबरूक चाचा, सिद्दी वस्तीतील एक उंच, सडपातळ, कमालीचे थट्टेखोर गृहस्थ, त्यांना 'ड्रम साब' म्हणत. त्यांचा मर्फा माझ्याच दुकानात मढवला जाई.

मास्तरांच्या तीक्ष्ण कानांनी चाचांच्या वादनातील एक विलक्षण गोष्ट हेरली. त्यांच्या मुख्य चालीत चार ठोके येत. पहिला, दुसरा आणि चौथा आपापल्या जागी चोख पडत. तिसरा मात्र किंचित मागे राहून पडे. एखाद्या पाहुण्याने उंबऱ्याशी चपला काढण्यासाठी थबकावे आणि मग आत यावे, तसा. त्या थबकण्यातच सारी मौज होती. त्यामुळेच ऐकणाऱ्याची कंबर आपोआप हलत असे.

"अरे, हाच ठोका मी हॉटेलात रोज शोधतो," मास्तर मला म्हणाले. "अमेरिकेतले मोठे जॅझवाले असेच किंचित मागे राहून वाजवतात. कुठून आले ते? आफ्रिकेतून. मबरूकचे पूर्वज कुठले? आफ्रिकेचे. एक भाऊ पश्चिमेच्या समुद्राने गेला, एक पूर्वेच्या. दोघांनी जाताना तोच ठोका बरोबर नेला. आणि मी इथे दोघांच्या मधोमध बसलोय!"

हे बोलताना त्यांचा चेहरा जसा उजळला तसा मी पुन्हा क्वचितच पाहिला. वडिलांनी ज्याला ढोलकीवाला म्हणून हिणवले, त्याला आपल्या दोन्ही उद्योगांचा एकच उगम सापडला होता. पुढील बावीस वर्षे त्यांनी या एका विचाराची उपासना केली. तीनशेहून अधिक कॅसेटी, स्वतः तयार केलेल्या ताललिपीत भरलेल्या एकोणीस वह्या, आणि 'समुद्र ओलांडलेला ठोका' या शीर्षकाचे हस्तलिखित. त्यांच्या पत्नी रजनीवहिनी या संशोधनाचा आदर करीत, मात्र आपल्या पद्धतीने. "आमच्याकडे तिसरं सगळंच उशिरा येतं," त्या म्हणत. "सकाळचा तिसरा चहा मागून बघा."

१९९३ साली हॉटेलच्या नव्या व्यवस्थापकाने बँडला निरोप दिला. देशाची दारे उघडली होती आणि त्या दारांतून एक कीबोर्ड आत आला होता, ज्यात बारा देशांचे ताल बटणांत कोंडलेले होते. त्या एका पेटीपुढे पाच जणांची गरज उरली नाही. मी सांत्वनासाठी गेलो, तेव्हा मास्तर म्हणाले, "मी ते बटण दाबून पाच मिनिटं ऐकलं, अंबाजी. एकदाही चुकलं नाही." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "बिचारं."

परदेशी प्लॅस्टिकचे पडदेही त्याच सुमारास बाजारात आले आणि माझ्याकडील काम निम्मे झाले. परंतु उघडलेल्या दारांतून केवळ पेट्याच आत आल्या असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. नवी कार्यालये आली, त्यांच्याबरोबर पुण्या-मुंबईची तरुण मराठी कुटुंबे आली, आणि त्यांना शनिवार-रविवारी काहीतरी शिकण्याची हौस होती. मास्तरांनी हिमायतनगरमध्ये माडीवर दोन खोल्या घेतल्या, खिडक्यांना जुन्या गाद्या बांधल्या आणि ड्रमचा वर्ग सुरू केला. वर्षभरात एकवीस विद्यार्थी जमले. "हॉटेलात लोक माझ्याकडे पाठ करून जेवायचे," ते म्हणत. "इथे माझ्याकडे तोंड करून चुकतात. ही बढतीच आहे." मी दर गुरुवारी तेथे जाऊन कातड्याची वाद्ये ताणून देई, आणि वहिनींच्या हातचे थालीपीठ खाऊन परत येई. आम्ही सर्वजण सुखात होतो.

या सुखात खळबळ उडवली ती मृण्मयीने. ही पुण्याची मुलगी कुकटपल्लीकडील एका कार्यालयात संगणकाचे काम करीत असे आणि वर्गातील सर्वांत चिकाटीची विद्यार्थिनी होती. १९९८ च्या दिवाळीनंतर आमच्या शहरात तालशास्त्राच्या अभ्यासकांची परिषद भरणार होती, देशी-परदेशी विद्वान येणार होते, आणि मास्तरांना निबंध वाचण्याचे निमंत्रण आले होते. बासष्टाव्या वर्षी मिळालेला तो पहिलाच मान. मृण्मयी म्हणाली, "सर, नुसतं कानाने ऐकलं असं सांगून ते लोक ऐकणार नाहीत. आपण सगळ्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घेऊ. तिसरा ठोका किती उशिरा पडतो ते मोजून दाखवू."

तिने दोन महिने खपून ते केले. एका गुरुवारी मी खोलीच्या कोपऱ्यात खाली बसून एका ढोलाची दोरी आवळत होतो, तेव्हा ती हर्षभरित होऊन आली. प्रत्येक कॅसेटमध्ये, १९७६ पासून थेट चालू वर्षापर्यंत, तिसरा ठोका जवळजवळ सारख्याच अंतराने मागे होता. मास्तरांनी टाळी वाजवली. वहिनींनी साखर आणली.

"फक्त एकच गंमत आहे, सर," मृण्मयी म्हणाली. "तुमच्या कपाटात टेपचा एक जुना स्पूल सापडला. १९६९ चा. त्यावर पण मबरूक चाचाच आहेत. पण त्यात तिसरा ठोका अगदी वेळेवर आहे. एकदम सरळ."

मास्तरांनी हात झटकला. "ते बाबांच्या अशिलाच्या घरचं लग्न. यंत्रही त्यांचंच. तेव्हा वीज कमी-जास्त व्हायची, यंत्र धड फिरायचं नाही. सोडून दे तो."

"पण मग बाकीचे तीन ठोके चोख कसे—"

"मृण्मयी, बावीस वर्षं एका बाजूला आणि एक बिघडलेलं यंत्र दुसऱ्या बाजूला. कोणाचं ऐकशील?"

तिने स्पूल पुन्हा कपाटात ठेवला. माझ्या हातातील दोरी सुटली आणि आवळलेला ढोल एकदम सैल पडला. यंत्र बिघडलेले नव्हते. त्या स्पूलमध्ये काय होते आणि नंतर काय झाले, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक मबरूक चाचा, आणि दुसरा मी.

१९७० सालच्या लग्नसराईतील गोष्ट. मबरूक चाचा सकाळी अकराला माझ्या दुकानात आले. त्यांच्या मर्फ्याचे कातडे वरच्या कडेशी वीतभर फाटले होते आणि चार वाजता वरात निघायची होती. नवे कातडे ओलेच चढवावे लागते आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यावे लागते. माझ्या वडिलांचा दंडक होता की वाजत्या कातड्याला ठिगळ लावायचे नाही. फाटले की बदलायचे. वडील त्या दिवशी तापाने घरी झोपले होते. मी चोवीस वर्षांचा होतो आणि चाचांना नाही म्हणवेना. मी फाटलेल्या जागी आतल्या बाजूने कातड्याचा तुकडा बसवला, आतड्याच्या तातीने शिवला, वरून चिंचोक्याची खळ भरली आणि उन्हात वाळवला. देताना मी त्या जागेवर बोट ठेवून म्हणालो, "चाचा, इधर नक्को मारो. निकल जाता."

चाचांच्या चालीचा तिसरा ठोका नेमका त्या जागी पडत असे. त्यांनी माझा शब्द पाळला. तिसऱ्या ठोक्याला ते छडी ठिगळाला वळसा घालून खालच्या कडेकडे नेऊ लागले, आणि त्या वळशाला जेवढा वेळ लागे तेवढा ठोका मागे राहू लागला. वडील बरे झाले, तेव्हा माझे ठिगळ उघडकीस येईल या भीतीने मी चाचांना कातडे बदलायला बोलावलेच नाही. ठिगळ अकरा महिने टिकले. पुढे वडील वारले आणि मी नवे कातडे चढवून दिले. परंतु तोपर्यंत चाचांच्या हाताला तो वळसा पाठ झाला होता, आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या साऱ्यांनाही.

इतकी वर्षे ही गोष्ट मी मास्तरांना का सांगितली नाही, असे कोणी विचारील. शपथेवर सांगतो, माझ्या ध्यानातच आले नव्हते. मास्तर समुद्राविषयी बोलत, आफ्रिकेविषयी बोलत. आणि एवढ्या थोर गोष्टीचा माझ्या दुकानातील खळीच्या वाटीशी संबंध असेल, हे माझ्या मनाला कसे शिवावे? परंतु त्या मुलीने १९६९ म्हटले आणि मला लख्ख दिसले.

परिषदेला नऊ दिवस उरले होते. मी सांगितले तर ज्या एका विचारावर मास्तरांचे आयुष्य उभे होते तोच खचणार होता, तोही पहिल्या सन्मानाच्या तोंडावर. न सांगितले तर माझा गुरू भर सभेत असत्य वाचणार होता आणि त्याला ते ठाऊकही नसणार होते. मला अन्न गोड लागेना. माझी पत्नी शोभा म्हणाली, "कोणी मेलंय का?" मी म्हणालो, "नाही. पण मी कोणाला तरी मारायला निघालोय." तिने सगळे ऐकून घेतले आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या बाबांपासून लपवलंत, तेव्हा चोवीसचे होतात. आता बावन्नचे झालात. अजून किती मोठं व्हायचंय?"

पाचव्या दिवशी सकाळी मी हिमायतनगरला गेलो. मास्तर वहिनींसमोर उभे राहून निबंध मोठ्याने वाचत होते. मृण्मयी घड्याळ लावून बसली होती. "ये अंबाजी, बरोबर वेळेवर आलास. समुद्राचाच भाग चाललाय."

"मास्तर," मी म्हणालो, "समुद्र नाही. ठिगळ आहे."

मी सर्व सांगितले. फाटलेले कातडे, वडिलांचा ताप, खळ, आणि ते तीन शब्द. मास्तरांच्या हातातील कागद हळूहळू खाली आले. खालच्या रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

"ठिगळ केवढं होतं?" मास्तरांनी विचारले.

"चार बोटं रुंद. वीतभर लांब."

"वरच्या कडेला?"

"उजवीकडे जरा."

त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताने हवेत चार ठोके मारले. तिसऱ्या ठोक्याला हात वर जाऊ पाहत होता; त्यांनी तो वळवून खाली नेला. पुन्हा एकदा. पुन्हा. मग डोळे उघडून म्हणाले, "बरोबर तेवढाच वेळ लागतो." आणि खुर्चीवर बसले. "अरे गाढवा," ते म्हणाले. पण हे मला उद्देशून होते की स्वतःला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

वहिनी म्हणाल्या, "उगाच परेशान होऊ नका. आधी त्या चाचांना विचारा तरी."

मास्तर, मृण्मयी आणि मी रिक्षाने सिद्दी वस्तीत गेलो. मबरूक चाचा दारासमोर बाजेवर बसून दाढीला मेंदी लावून घेत होते. पंचाहत्तरी उलटली होती, पण जीभ तरुण होती. "आओ ड्रम साब! अंबा, तू बी? और ये कौन बच्ची? तुमारी पोती?"

"शागीर्द है," मास्तर म्हणाले. "चाचा, ये बताओ, तीसरी मार तुम पीछे काइकू मारते?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि मेंदी भरलेली दाढी हलवीत हसू लागले. "इसकू पूछो ना! येइच बोला था, इधर नक्को मारो बोलके. अट्ठाईस साल हो गए, अब्बी तक आके बोला नै के मारो!"

मृण्मयीला हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारले, "तुमच्या आजोबांकडून नाही आलं हे? समुद्रापलीकडून?"

"दादा?" चाचांनी आठवण्याचा प्रयत्न केला. "दादा बोलते थे जहाज में उल्टियाँ बहोत हुईं. ताल का कुछ नै बोले."

इतक्यात चाचांचा मुलगा मसूद आपली रिक्षा लावून आला. तो आता मेळाचा म्होरक्या होता. त्याचा मर्फा नवा होता, वर प्लॅस्टिकचा पडदा, आरशासारखा गुळगुळीत. मास्तरांनी त्याला वाजवण्यास सांगितले. त्याने छडी उचलली आणि ती चाल सुरू केली. एक, दोन, मग छडी वरच्या उजव्या कडेपाशी जाऊन, तिथे काहीही नसताना, वळसा घालून खाली आली. तीन. चार. शेजारच्या घरातून एक बाई कडेवरचे मूल हलवीत दारात आली आणि हलवता हलवता ताल धरू लागली.

"मसूद, आता वर मार," मास्तर म्हणाले. "सरळ. इथे."

मसूदने प्रयत्न केला. ठोका जागेवर पडला, पण चौथा चुकला. पुन्हा केला, छडी कडेवर आपटली. त्याने ती खाली ठेवली. "हात नै जाता साब. और मजा बी नै आता."

दारातील बाई मुलाला घेऊन आत निघून गेली होती. मास्तर त्या रिकाम्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिले.

पुढील दोन दिवस त्यांनी कोणालाही भेट दिली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, दुकानात खळ आहे का, असल्यास वाटीत घेऊन ये. मी गेलो, तर मास्तर हस्तलिखिताचे शीर्षक खोडून बसले होते. त्यांचे डोळे जागरणाने लाल होते आणि मुद्रा प्रसन्न होती.

"समुद्र गेला," ते म्हणाले. "वाईट वाटलं. बावीस वर्षांचं आहे, वाटणारच. पण अंबाजी, मला एक सांग. समुद्रातून ठोका कसा आला हे मी कधी कोणाला दाखवू शकलो असतो का? नुसतं म्हणत राहिलो असतो. आणि इथे मला साल ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, माणूस ठाऊक आहे. ताल जन्माला येताना कोणी पाहिलाय? मी पाहिलाय. म्हणजे, जवळजवळ." मग माझ्याकडे रोखून पाहत ते म्हणाले, "फक्त जन्मदात्याने अठ्ठावीस वर्षं तोंड उघडलं नाही."

परिषदेच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत, इस्त्री केलेला सदरा घालून बसलो होतो. मास्तरांनी पांढरा कोट घातला होता. तो आता त्यांना पोटाशी लागत नव्हता, म्हणून त्यांनी बटणे उघडी ठेवली होती. त्यांनी प्रथम १९६९ चा स्पूल ऐकवला, मग १९७६ ची कॅसेट, मग मसूदचे वादन. नंतर ते शांतपणे म्हणाले, "मी बावीस वर्षं चुकीचं सांगत होतो. आता बरोबर काय ते सांगतो." त्यांनी ठिगळाची गोष्ट सांगितली. सभागृहात आधी हशा पिकला, आणि मग एकेक जण पुढे झुकून ऐकू लागला. शेवटी त्यांनी माझे नाव घेतले आणि मला उभे राहण्यास सांगितले. शेजारी बसलेल्या शोभाने मला कोपराने ढोसून उभे केले.

एका परदेशी विदुषीने मास्तरांचा सिद्धांत सोडून मलाच प्रश्न विचारला, की ठिगळ कशाने चिकटवले होते. मी म्हणालो, "चिंचोक्याची खळ." मृण्मयीने तिला इंग्रजीत ते समजावण्याचा प्रयत्न केला, चिंच झाली, बी झाली, भाजणे-भिजवणे-वाटणे-उकळणे झाले, आणि मध्येच मास्तर म्हणाले, "थांब," आणि माझ्याकडून आणवलेली वाटीच त्यांनी त्या बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी बोट बुडवून पाहिले. सगळी पहिली रांग ती वाटी एकमेकांकडे देऊ लागली.

निबंधाचे पुढे पुस्तक व्हायचे आहे आणि मास्तर त्यावर काम करीत आहेत. दरम्यान वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या तेहतीस झाली. मृण्मयी आता नवशिक्यांना शिकवते, आणि तिला पाहून मास्तर म्हणतात की तिचा तिसरा ठोका त्यांच्यापेक्षा चांगला उशिरा पडतो.

परिषदेनंतर पंधरा दिवसांनी, दुपारच्या वेळी, मसूद आपला मर्फा घेऊन माझ्या दुकानात आला. काम काही नव्हते. प्लॅस्टिकला मी काय करणार? तो पायरीवर घुटमळला.

"चाचा," तो म्हणाला, "अब तो सब लोगां कू मालूम हो गया, गलती थी बोलके. अब्बा बोलरैं, जाके अंबा कू पूछ. सीधा बजाना शुरू करूँ क्या?"

मी त्याच्या हातातून तो मर्फा घेतला. पडदा अखंड होता, कुठेही शिवण नाही, कुठेही खळ नाही. मी वरच्या उजव्या कडेवर बोट ठेवले.

"इधर नक्को मारो," मी म्हणालो.

"हौ," मसूद म्हणाला, आणि मर्फा गळ्यात अडकवून संध्याकाळच्या वरातीच्या तयारीला निघून गेला.